दहा बिस्किटांची वीस

आमचे दाजी, म्हणजे ताईचे यजमान, सोन्याचं पाणी चढवणाऱ्या कारखान्यात एकतीस वर्षं राबले. घड्याळांचे पट्टे, बक्षिसांचे कप, कोटाची बटणं. आत पितळ, वर केसाहून पातळ सोनं. चकाकतं ते सोनं नसतं असं आपण नुसतं म्हणतो, दाजींनी त्यावर संसार केला. ॲसिडच्या वाफांनी नाकाला वास येईनासा झाला, नखं पिवळी पडली आणि दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवायची सवय कायमची सुटली.

निवृत्तीचे पैसे आले तेव्हा घरात एकच विषय. ताईच्या हृदयाचा व्हॉल्व्ह खराब होता. आज ना उद्या बदलावा लागेल, पैशांची तयारी ठेवा, असं डॉक्टरांनी सांगूनच ठेवलं होतं. म्हणजे हा पैसा तिच्या जिवाचा होता.

मी म्हटलं, "दाजी, चार आणे सोनं घ्या, बारा आणे बँकेत ठेवा. वेळेला हाताशी पाहिजेत."

"बँक बुडाली तर तू देणार आहेस का, शालकबुवा?"

"अहो, सोन्याची सुरी झाली म्हणून कुणी उरात खुपसून घेत नाही," ताई आतून म्हणाली. "आणि मला काही सोन्याचा व्हॉल्व्ह बसवणार नाहीयेत."

दाजींनी शेवटी स्वतःचंच खरं केलं. जवळजवळ सगळ्याचं सोनं घेतलं. दहा बिस्किटं, प्रत्येक सीलबंद पाकिटात, शुद्धतेच्या दाखल्यासकट.

शहाण्या माणसाने ती कुलपात ठेवून दिली असती. दाजींना चैन पडेना. "वरून काय, कुणीही सोनं दाखवेल. जन्मभर मी तेच केलं." रविवारी सकाळी त्यांनी पाकिटं फाडली, एकेक बिस्कीट व्हाइसच्या लोखंडी जबड्यात आवळलं आणि छिन्नीने मधोमध तोडलं. दहाची वीस झाली. आतही सोनंच निघालं. दाजी एवढे खूश मी त्यांना मुलगी झाली तेव्हाही पाहिले नव्हते. पाकिटं, दाखले, पावती सगळं केरात गेलं, तुकडे बिस्किटांच्या जुन्या डब्यात.

दीड वर्षाने एका शनिवारी सकाळी ताईला धाप लागली ती थांबेना. हॉस्पिटल म्हणालं, आजच ऑपरेशन, आधी पैसे भरा. माझ्याकडचं होतं नव्हतं ते भरलं, निम्मंही झालं नाही. दाजी डबा पोटाशी धरून माझ्या स्कूटरवर बसले.

पहिल्या दुकानाने तुकडे पाहिले आणि पावती मागितली. दुसऱ्याने विचारलं, माल कुणाचा, तोडला कशाला? तिसऱ्याने डब्याला हातच लावला नाही. चौथा जरा बरा माणूस. म्हणाला, "काका, शिक्का अर्धा इकडे, अर्धा तिकडे. दाखला नाही. वितळवून बघितल्याशिवाय पैसे देता येणार नाहीत, आणि भट्टीवाला सोमवारी येतो."

"खरं आहे हो. मी स्वतः तोडून बघितलंय," दाजी म्हणाले.

"तुम्ही बघितलंत. मी कुठे बघितलं?"

दाजींनी डब्याचं झाकण लावलं. हे त्यांचंच बोलणं होतं.

ताई रविवारी दुपारी गेली. पंधरा दिवसांनी सोनं वितळवलं. अस्सल निघालं, भावही चढला होता. दुकानदाराने नोटा पुढे ठेवल्या. दाजींनी त्या मोजल्या नाहीत, पिवळी नखं बघत बसले.

मी आता त्यांच्याशी बोलत नाही. भाची म्हणते, मामा, म्हातारा माणूस आहे, सोडून द्या. तिला काय सांगू? बिस्किटं तोडली त्या रविवारी मी तिथेच होतो. पहिलं बिस्कीट निसटत होतं म्हणून व्हाइस मीच आवळला होता. फाटलेली पाकिटं खाली कचऱ्यात टाकायलाही मीच गेलो होतो. वर आलो तर ताई चहाचे कप घेऊन उभी.

"झाली का आता खात्री?" तिने विचारलं. आम्ही दोघंही हो म्हणालो.