दहा बोटांतलं चौऱ्याण्णव

"अंकल, रिपोर्ट पॉझिटिव्ह है. चौदा दिन अलग कमरे में," असं डॉक्टर फोनवर म्हणाले, तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "दहा दिवसांत नाही का जमणार?"

सवय. मी तेव्हा अडुसष्ट वर्षांचा होतो. कृष्णपुऱ्याजवळ माझं शिंपीकामाच्या सामानाचं दुकान आहे. अस्तर, बटणं, चेन, दोरे. हातगाडीवर सुरुवात केली आणि दुकानापर्यंत स्वतःच्या तोंडाच्या जोरावर आलो. समोरच्याने सांगितलेला पहिला भाव मी आयुष्यात कधी मान्य केला नाही.

आजार कसा आला ते सांगायचं तर आधी चावीचं सांगावं लागेल. दुसरी लाट सुरू झाली तेव्हा नितीनने, माझ्या मुलाने, दुकानाला कुलूप लावलं आणि चावी स्वतःच्या घरी नेली. "बाबा, तुमचं वय आहे. आता घरी बसा." मला विचारलं नाही, नुसतं सांगितलं. तो वेगळ्या कॉलनीत राहतो, म्हणून चावी हिसकावून घेण्याचीही सोय नव्हती.

मग मी रोज सकाळी दूध आणायला म्हणून निघायचो आणि बंद शटरसमोर जाऊन उभा राहायचो. आजूबाजूचे दुकानदारही असेच आलेले असायचे. सगळे साठीच्या पुढचे, सगळ्यांचे मास्क हनुवटीवर. "भिया, अपन ने तो इससे बड़ी-बड़ी बीमारियाँ देखी हैं," असं कोणीतरी रोज म्हणायचं आणि बाकीचे मान हलवायचे. माझ्या वयाच्या वाचकांना खरं सांगतो, आम्हाला धोका कळत नव्हता असं नाही. बातम्या आम्हीच सर्वांत जास्त पाहत होतो. पण मरण्यापेक्षा अडगळीत जाण्याची भीती मोठी वाटत होती.

ताप चौथ्या दिवशी उतरला, खोकला राहिला. डॉक्टरांनी ऑक्सिमीटर घ्यायला सांगितलं होतं. रक्तात प्राणवायू किती आहे ते दाखवणारं, बोटाला लावायचं चिमट्यासारखं यंत्र. आकडा चौऱ्याण्णवच्या खाली गेला तर लगेच कळवायचं होतं.

सहाव्या दिवशी आकडा आला एक्क्याण्णव. मी बोट बदललं. नव्वद. दुसरा हात. एक्क्याण्णव. हात चोळले, दीर्घ श्वास घेतले, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली. डाव्या करंगळीला क्षणभर चौऱ्याण्णव दिसलं आणि मी यंत्र काढून टाकलं. कुसुमने, माझ्या बायकोने, दाराबाहेरून विचारलं, "अहो, किती आलं?" मी म्हणालो, "चौऱ्याण्णव." तिने तेच डॉक्टरांना कळवलं.

दोन दिवस असंच केलं. खोटं बोलतोय असं मनात आलं नाही. सौदा पटेपर्यंत बोलत राहायचं, एवढंच मला येत होतं. शिवाय इस्पितळात गेलो असतो तर नितीनचं म्हणणं खरं ठरलं असतं.

आठव्या दिवशी दुपारी त्याचा फोन आला. मी चावीचा विषय काढला. "तू मला न विचारता," एवढं बोलून थांबलो. पुन्हा सुरू केलं, "दुकान माझं," आणि पुन्हा थांबलो.

 तिकडून तो म्हणाला, "बाबा, तुम्ही भांडत का नाही?"

"भांडतोय की."

"नाही. तुम्ही कधी मध्ये थांबत नाही. आईला सांगा, कपडे भरून ठेव. मी येतोय."

त्याने दारातच यंत्र माझ्या बोटाला लावलं. सत्त्याऐंशी. मी दुसरं बोट पुढे केलं, तर त्याने माझा हात धरून ठेवला.

इस्पितळात एचआरसीटी झालं, म्हणजे छातीचा बारकाईने काढलेला स्कॅन. दोन्ही फुप्फुसांना सूज होती. डॉक्टरांनी सांगितलं की हायपॉक्सियात, म्हणजे रक्तातला प्राणवायू कमी झाल्यावर, काही जणांना बसल्या जागी फारसं जाणवतच नाही. म्हणून आकड्यावर भरवसा ठेवायचा असतो. मी त्यांना बोटांची गोष्ट सांगितली. ते थकलेले होते, रागावलेही नाहीत.

"अंकल, मशीन का फिक्स रेट होता है. दो दिन और मोलभाव करते, तो मेरे पास कुछ नहीं बचता."

नऊ दिवस तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. दिवसाचे बरेच तास पालथं झोपावं लागायचं. शेजारच्या पलंगावर मानपूरचे एक निवृत्त मास्तर होते. तेही घरी पाच दिवस "सर्दी आहे" म्हणत बसले होते. ते परत गेले नाहीत. त्यांचा चष्मा संध्याकाळपर्यंत टेबलावर होता.

तुमच्यावर वेळ आली तर एवढं करा. हात गार असतील तर उबदार करा, पाच मिनिटं शांत बसा, आकडा स्थिर होऊ द्या आणि जो येईल तो सांगा. दुसऱ्या बोटाकडे जाऊ नका.

डॉक्टरांचे, नर्सचे आणि त्या दुपारी फोन करणाऱ्याचे उपकार मानतो. दुकान उघडलं तेव्हा नितीनने एक चावी मला आणून दिली, दुसरी स्वतःकडे ठेवली. पण मला विचारायला हवं होतं, हे माझं म्हणणं आजही कायम आहे आणि महिन्यातून एकदा तरी मी ते त्याला सुनावतो. पूर्वी तो मध्येच उठून जायचा. आता शेवटपर्यंत ऐकतो. शब्द नाही, तो माझा दम ऐकत असतो, हे मला माहीत आहे. म्हणून मीही मध्ये कुठे थांबत नाही.