मांगचा स्पीकर

आमचे मामाजी, म्हणजे माहे सासरे, गाणं संपल्याशिवाय गाडीतून कधी उतरत नसत. बाजार भरून जाओ, नाई त सांभाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या सुकून जाओ, ते सीटले मान टेकवून, डोये मिटून बसूनच राहत. म्हणत, "गाणं अर्ध्यात तोडलं त गाणाराले वाटते, आपलं कोणी आयकूनच नाई राह्यलं."

आमचं कामरगावले वावर हाय, वांगे, मिरच्या, सांभार, ते आमी कारंज्याच्या बाजारात नेतो. गाडी जुनी पांढरी व्हॅन, दार लावाले लात माराव लागे, पण रेडिओ नवा कोरा! ज्या मेकॅनिकनं बसवला त्यानं मामाजीले सांगतलं का हा सॅटेलाइटवरचा हाय, आवाज सिद्धा आभायातून येते. झालं, मामाजीले ते एवढं पटलं का त्या दिवसापासून गाडी कधी झाडाखाली लावली नाई, फांद्या आडव्या येतात म्हणून. चैताच्या उन्हातही गाडी उघड्यावर, आमी घामाघूम. आमचे हे हसत, "आबा, सॅटेलाइट-बिटेलाइट काही नाई, तो अकोल्याचा टावर हाय." त मामाजी म्हणत, "तू चूप राय. तुले इथून अकोला दिसते काय? आभाय त दिसते ना?"

मी आठवी शिकलेली, लगन होऊन आली तवा मले साऱ्याचंच भेव वाटे, गाडीचं, बाजाराचं, मामाजीचं त लयच. आमच्याकडं सून सासऱ्याच्या बाजूले बसत नाई, अन् सिद्धं बोलतही नाई. म्हणून मी मांगं, वांग्याच्या कट्ट्यावर, म्हणजे पोत्यावर, डोकशावर पदर, अन् काही सांगाचं असलं त बांगड्या वाजवो. सासूबाईचे गुडघे गेले तवापासून बाजारात मीच बसो. एक दिवस गाडी थांबवून मामाजी समोर पाहूनच म्हणे, "सूनबाई, मांगं गाणं आयकू येते का?" मी बांगडी वाजवली नाई, म्हणजे नाई. दुसऱ्या दिवशी पाह्यतो त मांगं कट्ट्याच्या वर एक काया स्पीकर ठोकलेला, वायर सुतळीनं बांधलेली. सासूबाई म्हणे, "म्हाताऱ्यानं मले चाळीस वर्षांत शिट्टीही नाई घेऊन देल्ली, अन् सुनेले बाजा!" मामाजी म्हणे, "मांगं बसणारा माणूसच हाय ना?"

माह्या माहेरीही मले असं कोणी म्हटलं नोतं.

मंग पोरगी झाली. तिले मांडीवर घेऊन बसो, त ती स्पीकरकडं पाहून पाय हालवे. मामाजी आरशातून पाहत अन् आवाज वाढवत. रस्त्यात आवडीचं गाणं लागलं का गाडी बाजूले घेऊन इंजिन बंद करत, रेडिओ चालू. म्हणत, "इंजिन मधात बोलते." गाणं संपलं का पुन्हा निघत. मले सवय झाली होती.

त्या दिवशी सकायी तसंच झालं. गाणं लागलं, मामाजीनं गाडी हळूच बाजूले घेतली, इंजिन बंद. कडुलिंबाखाली लावली. झाडाखाली! मले तवाच समजाले पायजे होतं, पण मले वाटलं पोरीले ऊन लागते म्हणून सावलीत घेतली असन, अन् मले बरंच वाटलं, खरं सांगतो, लय बरं वाटलं. मी पोरीले पाजत बसली. गाणं संपलं. दुसरं लागलं, तेही संपलं. साबणाची जाहिरात लागली, मामाजी जाहिरातीले कधी थांबत नसत. मी बांगड्या वाजवल्या. पुन्हा वाजवल्या. मंग पदर-बिदर काही पाह्यला नाई, पोरीले घेऊन खाली उतरली अन् समोर गेली.

मान टेकवलेली, डोये मिटलेले, रोजच्यावानीच. हात तेवढा रेडिओच्या बटनावर होता.

"मामाजी!" मी पहिल्यांदा त्याइले हाक मारली. ते आयकाले नोते.

मोटरसायकलवाले थांबले, दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणे, "बाई, तुमी काही करू शकत नोत्या, एका झटक्यात झालं." सारे तेच सांगतात. पण तो हात बटनावर कायले गेला होता? आवाज वाढवाले, का कमी कराले? कमी केला असता त त्याइची हाक मले मांगं आयकू आली असती. माह्या कानाजवळ स्पीकर वाजून राह्यला होता, त्याइनंच माह्यासाठी लावलेला. हे मी कोणाले सांगतलं नाई, सासूबाईलेही नाई.

आता गाडी हे चालवतात. स्पीकर काढाले बसले तवा मी वायर धरून ठेवली, काढू देल्ला नाई. पण मांगं आता मी बसत नाई, समोर बसतो, पोरगी मांडीवर. गावातल्या बाया पाह्यतात, पाहू दे. रस्त्यानं रेडिओ लागते, चांगलं गाणं येते, अन् मी याइच्या डोयाकडं पाह्यतो. मी गाण्याच्या मधातच म्हणतो, "अहो."

"काय हाय?"

"काही नाई."

थोड्या वेळानं पुन्हा, "अहो."

"अवं काय हाय तुले? गाणं त आयकू दे!"

त्याइचा असा चिडका आवाज आला का मंग मी पदर सारखा करतो अन् पुढचं गाणं आयकतो.