रिकाम्या पाठीनं

एकोणसत्तर सालचा फेब्रुवारी. फ्लूची साथ ओसरली होती, पण दोन महिने घरात बसलेली म्हातारी माणसं एस.टी.च्या दारात अजून बिचकत होती. गैबी त्यातलाच. शाहूपुरीच्या गूळबाजारात त्यानं चाळीस वर्षं हमाली केली. पाठीवर पोतं घेऊन तिरक्या फळीवरून ट्रकात चढायचं, दिवसाला शंभर खेपा.

आज त्याला मलकापूरला जायचं होतं. तिथं दिलेली लेक मलिका साथीत अंथरुणाला खिळली, तरी त्याला जाता आलं नव्हतं. बायको सुलतानबी स्टँडवर आली ती अट घालून.

"कुणाचा हात न घेता चढलासा तर जावा. न्हायतर परत एस.टी.चं नाव काढायचं न्हाय."

गैबीनं दांडी धरली, उजवा पाय पायरीवर ठेवला. डावा जमिनीवरून सुटेना. साथीत पायऱ्या उंच केल्या की काय? त्यानं वितीनं मापलं. दीड वीत, पूर्वीएवढीच.

"पावणं, कापड मापताय व्हय? चढा की!" कंडक्टर ओरडला.

पुन्हा जोर लावला. अंग मागं गेलं. गैबीला काही कळेना.

"बघितलासा न्हवं? चला घरला," सुलतानबी म्हणाली.

मागं जोंधळ्याचं गाठोडं घेतलेली एक बाई खोळंबली होती. अंबूबाई तिचं नाव.

"चाचा, सरा की. मला बांबवड्याला जायचंय."

"ते गाठोडं माझ्या पाठीवर टाक," गैबी पाठ वाकवत म्हणाला.

"अवो, वीस किलो हाय!"

"टाक म्हणतो न्हवं!"

वजन पाठीवर आलं, मान वाकली, भार पुढच्या पायावर गेला. डावा पाय आपोआप उचलला गेला. तीन पायऱ्या, आणि गैबी आत.

"हे कसलं चढणं?" सुलतानबी ओरडली.

"अट हाताची हुती, वझ्याची न्हाय!"

गाडी निघाली. गाठोडं बाकाखाली सरकवून गैबी विचार करत बसला. वजन वाढलं तर चढणं अवघड व्हायला हवं. सोपं कसं झालं? बांबवडं आलं तरी हिशेब लागेना. अंबूबाई गाठोडं घेऊन उतरली आणि त्याची नजर दाराकडं गेली. मलकापूरला त्याच तीन पायऱ्या उतरायच्या होत्या.

तो मागच्या बाकावरच्या माणसाकडं वळला.

"पावणं, मलकापूरलाच न्हवं? काय वझं हाय का जवळ?"

"हाय की, पेंडीचं पोतं. तुमास्नी कशाला?"

ते मात्र गैबीला सांगता येईना.