नख दाबायचं राहिलं

आमचे गेणबा आप्पा गेले त्याला बारा दिस झाले, आन् त्यांच्या बायकूच्या, झुंबर काकूंच्या तोंडात अजून एकच. हात, हात आन् हात.

आप्पा आमच्या वरवंड गावात हाडं बसवायचे. कुणी झाडावरनं पडलं, कुणाचं मनगाट मोडलं, की माणूस पयला आप्पांच्या वट्यावर. बांबूच्या कामट्या, जुन्या लुगड्याची पट्टी, बास. पर एक नेम व्हता. बांधलं की दुसऱ्या दिवशी सकाळी दाखवायला यायचंच. आप्पा बोटाचं नख दाबायचे. पांढरं पडलेलं नख लगीच लाल झालं तर ठीक, न्हाई तर पट्टी ढिली करायचे. "रगत फिरलं पायजे. हाड काय, बसतंय निवांत." काकू पाण्याचा तांब्या घिऊन शेजारी उभ्या. चाळीस वरीस बघितलं त्यांनी हे.

दोन वरसामागं शेळीच्या दाव्यात पाय अडकून आप्पाच पडले. उजवा हात मोडला. सोताचा हात सोता कसा बांधणार? लेकानं, विक्रमनं, गाडीवर घालून दवाखान्यात नेलं. कोपराच्या वरपातूर पलास्टर. डाक्टर म्हणले, बोटं सुजली, मुंग्या आल्या तर तसंच निघून या. काकूंनी बी ऐकलं.

येताना चहाच्या टपरीवर गावातल्या म्हाळूनं बघितलं. "काय आप्पा, कामट्या संपल्या व्हय?" समदी हसली. आप्पा बी हसले. पर घरी आल्यापासनं हातावर टावेल टाकला तो टाकलाच.

काकू म्हणल्या, "अवो, लई दुखतंय का? बघू तरी."

"मोडलाय म्हणल्यावर दुखणारच की. आता तू शिकवती व्हय मला?"

काकूंनी टावेलाला हात लावला न्हाई. एवढी हाडं बसवलेला माणूस, त्याला कळत नसंल का, असं वाटलं त्यांना.

तिसऱ्या दिवशी अंघोळीला टावेल निघाला. बोटं फुगून वांग्यावानी जांभळी. पळत नेलं, पलास्टर कापलं, पर उशीर झाला व्हता. बोटं आत वळली ती वळलीच. परत आप्पांनी कुणाला कामटी बांधली न्हाई. वट्यावर कुणी आलं की काकूच म्हणायच्या, दवाखान्यात जा बाबा. आप्पा आतनं ऐकायचे.

औंदा थंडीत छाती भरली आन् आप्पा अंथरुणाला खिळले. एका दुपारी काकूंनी त्यो वळलेला हात मांडीवर घेतला, अंगठ्याचं नख दाबलं. पांढरं पडलं, सावकाश लाल झालं.

"फिरतंय की रगत," आप्पा हसले. "अगं, मीच झाकला व्हता. तुझं काय चुकलं त्यात?"

काकूंनी हात तसाच मांडीवर धरून ठिवला. आता भेटायला येईल त्याला इचारत्यात, "टावेल बाजूला करून एकदा नख दाबायला काय लागत व्हतं मला?"