मोहाचा धूर

माझ्या अतिशहाणपणापायी एका म्हाताऱ्या जंगलगार्डची नोकरी जायची वेळ आली होती. अजून आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तेव्हा मी चांद्याला जंगल कचेरीत कारकून होतो आणि कागदांनी डोकं उठवलं होतं. गार्ड लोक दिसेल ते लिहून पाठवत. रानडुक्कर दिसलं, लिहिलं. कोणाचा बैल चुकला, लिहिलं. पायात काटा मोडला, तेही लिहिलं. रेंजर ते वाचायचे कष्ट न घेता पुढे ढकलत आणि सगळा ढीग माझ्या टेबलावर. त्यात आरमोरीकडच्या सागाच्या चोरतोडीची खबर मला पंधरा दिवसांनी सापडली. साहेब माझ्यावरच तापले. मग मीही चिडून पायऱ्या आखल्या. किरकोळ गोष्ट गार्डच्या वहीतच राहील. त्याहून मोठी रेंजरपर्यंत. चोरतोड चांद्याला. वणवा असेल तर आधी माणूस धाडायचा, कागद मागून.

मोहाचा धूर मी किरकोळात टाकला. चैत्रात मोहफुलं वेचायला गावोगाव झाडाखालचा पाला जाळतात, त्याचे रोज वीस कागद कोण वाचणार? साहेबांनी सही ठोकली. महिनाभर टेबल स्वच्छ होतं आणि मी गाढवासारखा खूश होतो.

मग सावली गावाकडचं बांबूचं रान जळालं. आम्हाला कळलं तीन दिवसांनी. तिथल्या गार्डच्या पेन्शनीला वर्षच उरलं होतं. खबर दडवली म्हणून त्याच्या बडतर्फीचा कागद साहेबांनी मलाच लिहायला सांगितला.

"माणूस काऊन नाई धाडला, भाऊ?" मी त्याला कचेरीत बोलावून विचारलं.

त्याने वही उघडून दाखवली. तिन्ही दिवसांची नोंद होती: मोहाचा धूर, कालच्याहून मोठा.

"आग मोहाखालूनच निघाली न, बाबूजी. मोहाचा धूर वर पाठवाचा नाई, असं तुमचाच कागद म्हणते. मी त पाठ केला होता."

धूर कुठून निघाला एवढंच मी विचारलं होतं, कुठवर गेला ते विचारायचं सुचलंच नव्हतं.

मी वही आणि माझा तो पायऱ्यांचा कागद साहेबांपुढे नेऊन ठेवला. म्हटलं, "चूक माझी आहे. बडतर्फी वर पाठवायची तर हेही जोडावं लागेल. खाली तुमची सही आहे."

साहेबांनी सही पाहिली आणि वही मिटून माझ्याकडे सरकवली.

"किरकोळ बाब आहे," ते म्हणाले. "वहीतच राहू द्या."

गार्डची नोकरी वाचली. जळालेल्या रानाची खबर मात्र वर कधीच गेली नाही.