दिंद्रुडचा सोडा आणि माझं व्याख्यान

बीडच्या स्थानकावर एस.टी. बदलली, तेव्हाच मला परत फिरावंसं वाटू लागलं होतं. व्याख्यानाला निघालो की माझं असंच होतं. घरी त्यावरून माझी यथेच्छ थट्टा चालते. खरं तर सरकारनं परदेशी कंपन्यांना दारं उघडल्यापासून ‘खुली बाजारपेठ आणि आपण’ या विषयावर पुण्यात मी बरेचदा बोललो आहे. एकीकडे असं आहे, पण दुसरीकडे तसं आहे, मग टाळ्या, चहा आणि घरी. पण दिंद्रुडच्या व्याख्यानमालेचे अध्यक्ष गुरुलिंगअप्पा यांनी आमंत्रणात लिहिलं होतं, ‘स्पष्ट बोलावे.’ ते दोन शब्द मला रस्ताभर छळत होते.

गाडी उसाच्या बैलगाड्यांमागे अडकत, धूळ खात चालली होती. दोन्ही बाजूंना काळी रानं, मधूनच वेचणीला आलेला कापूस. भाषणाची टिपणं पुन्हा वाचावीत म्हणून पिशवी उघडली, तर लसणाच्या चटणीची पुडी फुटून सगळे कागद तेलकट झालेले! शेजारचे पटकेवाले म्हातारबाबा हसू दाबत म्हणाले, “कुठं निगालात?”

“दिंद्रुडला. व्याख्यान आहे माझं.”

“मंग तुमीच का ते? सोड्याचा निकाल द्यायला येनारे?”

मला काही उमगेना. बाबांनीच सावकाश उलगडून सांगितलं. दिंद्रुडची रीत अशी की व्याख्यान संपलं की अप्पा उठतात आणि पाहुण्यांचं म्हणणं भोंग्यावरून एका वाक्यात सांगतात. घरातल्या बायकांना आणि रानातल्या माणसांना तेवढं वाक्य पुरतं. मग गाव तसं वागतं.

“गेल्या साली एक सायेब बोलून गेले. अप्पानं सांगितलं, सूर्यफुलाला दिवस चांगले येनार. लई लोकांनी सूर्यफूल लावलं.”

“मग?”

“पोपटांनी खाल्लं,” बाबा शांतपणे म्हणाले.

मी तेलकट कागद पुन्हा पिशवीत कोंबले.

फाट्यावर उतरलो तर अप्पा स्वतः उभे होते. कापडाचे व्यापारी, कपाळावर भस्माचे पट्टे, धोतर परीटघडीचं. त्यांनी आधी मला समोरच्या युसूफभाईंच्या सोड्याच्या दुकानात नेलं. व्याख्यात्यानं पहिला घोट तिथला घ्यायचा, हाही इथला रिवाज. युसूफभाईंनी अंगठ्यानं बाटलीतली गोटी दाबली, फस्सकन आवाज झाला आणि लिंबाचा वास दरवळला. सोडा झकास होता, पण मी बाटली खाली ठेवली. कारण युसूफभाई समोर हात जोडून उभे होते.

“सर, परदेशातल्या कंपन्यांचा थंडा गावोगाव येनार म्हनत्यात. माझा भाऊ रफिक म्हनतो, मशीन भंगारात घालू, मी औरंगाबादला कारखान्यात जातो. मी म्हनतो, अब्बांचा धंदा हाय, थांब. लई भांडलो. आता ठरलंय, आज तुमी सांगाल ते दोघांनी मानायचं.”

“अहो, पण मी...”

“तुमी शिकलेले. तुमाला म्हाईत असनार.”

मागे रफिक बाटल्या विसळत होता. त्यानं मान वर केली नाही.

अप्पांच्या घरी येसर (भाजलेल्या डाळी-मसाल्यांच्या पिठाची आमटी), भाकरी आणि ठेचा असा बेत होता. एरवी मी ताटाला न्याय दिला असता. त्या दिवशी भाकरी नुसती कुस्करत बसलो. अप्पा म्हणाले, “आमटी तिखट झाली का?” मी म्हणालो, “नाही, फार छान आहे.” तेवढं एक स्पष्ट बोललो.

दिवेलागणीला महादेवाच्या देवळापुढचं पटांगण भरून गेलं. युसूफभाई डावीकडे बसले, रफिक उजवीकडे, मध्ये सगळं गाव. मी नेहमीचंच बोललो. जगाचे वारे, देशाची गरज, एकीकडे संधी, दुसरीकडे धोका. बोलता बोलता नजर त्या दोघांकडे जाई आणि जीभ अडखळे. टाळ्या पडल्या. मी खाली बसलो. अप्पा उठले.

“ऐका हो! पाहुन्यांचं म्हननं असं, की मोठ्या कंपनीपुढं गावातला धंदा टिकत न्हाई.”

रफिक ताडकन उभा राहिला. युसूफभाईंनी मान खाली घातली. असं म्हणालो होतो का मी? मी धडपडत माईक गाठला.

“मी असं म्हणालो नाही.”

“मंग टिकतो?” अप्पांनी विचारलं.

“असंही म्हणालो नाही.”

पटांगणात खसखस पिकली. अप्पा मात्र हसले नाहीत. “मंग काय म्हनालात, सर? लोक वाट बघायलेत.”

इतकी वर्षं व्याख्यानं देतो आहे, पण असं कुणी विचारलं नव्हतं. मी म्हणालो, “मला माहीत नाही.”

अप्पांनी माईक ओढून घेतला. “ऐका हो! पाहुन्यांना म्हाईत न्हाई.”

रात्रभर शरमेनं कूस बदलत होतो. सकाळी फाट्यावर आलो तर दुकान उघडं, दोघे भाऊ बाटल्या भरत होते, एकमेकांशी न बोलता. युसूफभाईंनी माझ्या हातात सोडा ठेवला.

“रफिक थांबला, सर. एवढ्या शिकलेल्या मानसाला म्हाईत न्हाई, मंग आमी कावून घाई करायची? अप्पा तुमाला पुढच्या साली परत बोलावनार हायेत. तवर धंदा टिकतो का ते बगून ठेवा.”

रफिक मागून म्हणाला, “एकच साल, सर. त्याच्यापुढं मी थांबनार न्हाई.”

मी मान हलवली, आणि गाडीत बसल्यावर लक्षात आलं की तो होकार होता.

पुण्यात आमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात काही महिन्यांनी परदेशी थंड्याचे क्रेट आले. मुद्दाम एक बाटली घेतली. बेचव निघावी अशी मनापासून इच्छा होती. पण ती गारेगार होती, गोड होती, आणि मला आवडली. शेवटच्या घोटापर्यंत प्यायलो आणि रफिकचं ‘एकच साल’ आठवलं.

काल अप्पांचं आमंत्रण आलं. ‘स्पष्ट बोलावे’ हे या खेपेला लिहिलेलं नाही. मी अजून उत्तर पाठवलेलं नाही.