तोफेपुढची दोरी

लॅव्हॉन टटलने कॅन्ससमध्ये उभा जन्म शाळेची बस चालवली. त्यामुळे आवाज चढवायला ती कोणाच्या परवानगीची वाट बघत नसे.

गावाबाहेरच्या जुन्या लष्करी किल्ल्याचा वर्धापनदिन आला की सगळं गाव किल्ल्याच्या काळचे कपडे घालून जमायचं. बायकांना कर्नलची बायको व्हायचं असे, रेशमी झगा मिरवायला. लॅव्हॉन मात्र दरवर्षी धोबीण व्हायची आणि सैनिकांचे लाल लोकरी पायजमे घासत बसायची. तिची पणजी खरोखरच इथली धोबीण होती. किल्ल्यातल्या धोबिणींच्या दगडी खोल्यांतच ती बाळंत झाली होती.

त्या वर्षी किल्ल्याच्या समितीने ठरवलं, या खोल्या पाडायच्या आणि त्यांचे दगड कर्नलच्या बंगल्याच्या व्हरांड्याला लावायचे. वर्धापनदिनानंतरच्या सोमवारी पाडकामाचं यंत्र येणार होतं. "पडक्या खोल्या बघायला कोण येतंय?" अध्यक्ष क्लेटन रस्क म्हणाला. लॅव्हॉनने बैठकीत घसा कोरडा केला, पण कोणी दाद दिली नाही.

वर्धापनदिनी सलामीची तोफ उडणार, एवढ्यात ती बादली घेऊन मैदानात शिरली. झेंड्याच्या खांबापासून घोडागाडीपर्यंत दोरी ताणली आणि थेट तोफेच्या तोंडासमोर ओले पायजमे वाळत घातले.

क्लेटन धावत आला. "अगं बाई, हा काय तमाशा? पाहुणे बसलेत!"

"बसू देत. कर्नलच्या चड्ड्या कोण धूत होतं ते त्यांनाही कळू दे."

"आधी हे काढ, मग बोलू."

"आधी बोल. लहानपणी माझ्या बसमध्येही तू असाच होतास, दुसऱ्याला उठवून खिडकी पकडणारा."

क्लेटन लालबुंद झाला. "ऑर्व्हिल, उडव रे तोफ! नुसती दारूच तर आहे, गोळा कुठे आहे?"

तोफेवर लॅव्हॉनचा नवराच होता. समोर काहीही असलं तर तोफ उडवायची नाही, हा त्यांच्या पथकाचा नियम. ऑर्व्हिलने हात वर केला. "मैदान मोकळं नाही!" बायकोची बाजू त्याने जन्मात घेतली नव्हती. आजही आपण नियमाचीच घेतली, असं तो शपथेवर सांगतो.

लोक टाळ्या पिटू लागले. पाहुणे घड्याळं बघू लागले. शेवटी क्लेटनने ध्वनिक्षेपक ओढला आणि सगळ्यांसमोर शब्द दिला, धोबिणींच्या खोल्यांचा एकही दगड हलणार नाही.

"झालं समाधान? आता काढ ते कपडे."

लॅव्हॉनने एक पायजमा चाचपून पाहिला. "ओले आहेत अजून," ती म्हणाली आणि बादली पालथी घालून तिच्यावर बसली.

त्या वर्षी तोफ कपडे वाळल्यावर उडाली.